सेंद्रिय आणि शाकाहारी ब्रँडचा खरा मालक कसा शोधावा

किराणा दुकानाच्या ज्या फळीवर सेंद्रिय तूरडाळ, तुळशीचा चहा, नाचणीचे न्याहारीचे पदार्थ आणि सोयाचे मांसविरहित कबाब मांडलेले असतात, तिथे निरनिराळी नावे भरपूर दिसतात. त्या नावांमागचे मालक मात्र बरेच कमी असतात. लखनौहून तुळशीचा चहा विकत मोठी झालेली ऑरगॅनिक इंडिया ही कंपनी फॅबइंडियाच्या हातून टाटा कन्झ्युमर प्रॉडक्ट्सकडे गेली. १,९०० कोटी रुपयांपर्यंतचा हा व्यवहार जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाला. '२४ मंत्रा' हा सेंद्रिय धान्य-डाळींचा ब्रँड चालवणारी हैदराबादची स्रेस्टा नॅचरल बायोप्रॉडक्ट्स ही कंपनी ४७२.५ कोटी रुपयांना विकत घेत असल्याचे आयटीसीने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केले. पुण्यात उभ्या राहिलेल्या 'ट्रू एलिमेंट्स'च्या कंपनीत मॅरिकोने २०२२ साली सुमारे ५४ टक्के हिस्सा घेतला, आणि त्याच्या आदल्या वर्षी नाचणीच्या पदार्थांसाठी ओळखला जाणारा 'सोलफुल' १५५.८ कोटी रुपयांना टाटांकडे गेला होता.

यांतला एकही व्यवहार चोरून झालेला नाही. प्रत्येकाची बातमी आली, शेअर बाजाराला रीतसर कळवले गेले, कागद आजही उपलब्ध आहेत. अडचण एवढीच की ग्राहक शेअर बाजाराचे कागद वाचत नाही, पाकीट वाचतो. आणि आपली मूळ कंपनी कोण हे पाकिटावर ठळकपणे छापण्याचे बंधन कोणावरही नाही. ही माहिती घरबसल्या, जवळजवळ फुकट कशी मिळवावी हे पुढे क्रमाने सांगितले आहे. मालकाचे नाव कळल्यानंतर काय तपासावे, हा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यावर जास्त शब्द खर्च केले आहेत.

आधी आपला आक्षेप ठरवा

'मोठ्या कंपनीने घेतले' या एका तक्रारीत किमान तीन वेगळ्या तक्रारी मिसळलेल्या असतात आणि त्या सुट्या केल्याशिवाय शोध सुरू करण्यात अर्थ नाही. पहिली पैशाची : मी शाकाहारी पदार्थ घेतो, पण त्याचा नफा मांस किंवा तंबाखू विकणाऱ्याच्या गल्ल्यात जातो का? दुसरी दर्जाची : मालक बदलल्यावर घटक, प्रमाणपत्र किंवा वजन बदलले का? तिसरी शेतकऱ्याची : ज्यांच्याकडून हा माल येत होता त्यांच्याकडूनच तो अजून येतो का, आणि कोणत्या अटींवर?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर कंपनीच्या कागदांत पक्के मिळते. दुसऱ्याचे पाकिटावर मिळते, पण जुने पाकीट जपून ठेवले असेल तरच. तिसऱ्याचे उत्तर मिळवणे सर्वांत कठीण असते आणि बहुतेक वेळा ते गोष्ट घडून गेल्यावरच कळते. जैन, वैष्णव किंवा वारकरी घरातल्या माणसाला पहिला प्रश्न जिव्हाळ्याचा वाटेल, लहान मुलांसाठी सेंद्रिय धान्य घेणाऱ्या आईवडिलांना दुसरा. आपला प्रश्न कोणता हे आधी ठरवले की निम्मी धावपळ वाचते.

पायरी पहिली : पाकिटाची मागची बाजू

पुढच्या बाजूवरचे शेत, बैलजोडी आणि हसरा शेतकरी सोडून द्या. मागच्या बाजूवरचा बारीक टाइप वाचा. तिथे 'उत्पादक', 'पॅक करणारा' आणि 'विक्रेता' किंवा 'ब्रँडमालक' अशी दोन-तीन नावे असू शकतात. डाळ एखाद्या गावच्या गिरणीत भरली जाते, विक्री शहरातली कंपनी करते, आणि त्या कंपनीचे भागभांडवल आणखी कोणाकडे असते. आपल्याला हवे असते ते ब्रँडमालकाचे पूर्ण, कायदेशीर नाव. ब्रँडचे नाव आणि कंपनीचे नाव बहुधा वेगळेच असते : 'ट्रू एलिमेंट्स'मागची कंपनी एचडब्ल्यू वेलनेस सोल्यूशन्स, 'योगा बार'मागची स्प्राउटलाइफ फूड्स, 'सोलफुल'मागची कोट्टाराम ॲग्रो फूड्स. शोधाच्या चौकटीत ब्रँडचे नाव टाकून बसले तर जाहिरातीच हाती लागतात.

त्याच बाजूला अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक असतो. पहिला आकडा १ असेल तर तो परवाना आणि २ असेल तर लहान व्यावसायिकाची नोंदणी. सुरुवात १०० ने होत असेल तर परवाना केंद्राने दिलेला आहे, ११५ ने होत असेल तर महाराष्ट्राने. प्राधिकरणाच्या 'फॉसकॉस' या संकेतस्थळावर हा क्रमांक टाकला की परवानाधारकाचे नाव आणि पत्ता मिळतो. एकाच पाकिटावर दोन क्रमांक असतील तर घाबरू नका. एफएसएसएआयच्या बोधचिन्हाशेजारचा क्रमांक ब्रँडमालकाचा, दुसरा प्रत्यक्ष बनवणाऱ्याचा असतो.

आणखी एक जागा दुर्लक्षित राहते : ग्राहक सेवेचा ईमेल. ब्रँड विकला गेल्यावर पाकिटाचे चित्र वर्षानुवर्षे तसेच राहू शकते, पण तक्रारींचा पत्ता आणि ईमेल नव्या मालकाकडे वळवावाच लागतो. '@' या खुणेपुढे मोठ्या कंपनीचे नाव दिसले, तर पुढच्या दोन पायऱ्या केवळ खात्री करण्यापुरत्या उरतात.

पायरी दुसरी : कंपनीची सरकारी नोंद

कंपनीचे पूर्ण नाव हाती आले की कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर 'मास्टर डेटा' पाहावा. तो मोफत असतो. स्थापनेची तारीख, नोंदणीकृत पत्ता, भागभांडवल आणि संचालकांची नावे त्यात दिसतात. मालकी बदललेल्या कंपनीत संचालक मंडळ लवकरच बदलते. संस्थापकांच्या जोडीला मोठ्या कंपनीचे अधिकारी येऊन बसतात, आणि काही काळाने नोंदणीकृत पत्ताही हलू शकतो.

कंपनीचा एकवीस अक्षरी ओळख क्रमांक वाचता येणे ही छोटीशी पण कामाची विद्या आहे. आयटीसीचाच क्रमांक पाहू : एल १६००५ डब्ल्यूबी १९१० पीएलसी ००१९८५. 'एल' म्हणजे कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे. नसती तर तिथे 'यू' असते. पुढचे पाच आकडे नोंदणीच्या वेळचा उद्योग सांगतात आणि १६ ने सुरू होणारा गट तंबाखूचा आहे. 'डब्ल्यूबी' म्हणजे पश्चिम बंगाल, १९१० हे स्थापनेचे वर्ष, 'पीएलसी' म्हणजे पब्लिक लिमिटेड, आणि शेवटी नोंदणी क्रमांक. सेंद्रिय तांदळाच्या पिशवीपासून निघालेला माग तंबाखूच्या आकड्यापर्यंत कसा पोहोचतो, ते इथे एका ओळीत दिसते. आयटीसी आता पीठ, बिस्किटे, वह्या, अगरबत्ती अशा अनेक धंद्यांत आहे हे खरे, पण सिगारेट हा तिच्या नफ्याचा फार मोठा आधार राहिला आहे, आणि पैशाचा प्रश्न मनात असलेल्या ग्राहकाने तो लक्षात घेतलेला बरा. शिवाय मांसाचे गोठवलेले पदार्थ विकणाऱ्या 'प्रसुमा'मध्येही आयटीसीने २०२५ मध्ये गुंतवणूक जाहीर केली आहे.

भागधारकांची यादी हवी असेल तर त्याच संकेतस्थळावर कंपनीचे वार्षिक विवरणपत्र, म्हणजे एमजीटी-७ हा नमुना, माफक शुल्क भरून पाहता येतो. मूळ कंपनी, उपकंपन्या आणि सहयोगी कंपन्या कोणत्या आणि कोणाचा किती टक्के हिस्सा, हे त्यात स्पष्ट लिहिलेले असते. पन्नास टक्क्यांहून अधिक हिस्सा असणारा मालक. त्याहून कमी असणारा निदान त्या वेळेपुरता भागीदार. हा फरक पाळावा, कारण मोठी कंपनी पुष्कळदा थोड्या हिश्श्याने शिरते आणि पुढे ठरलेल्या टप्प्यांनी उरलेला घेते. 'योगा बार'मध्ये आयटीसीने २०२३ साली सुरुवात केली ती अशीच, चाळीस टक्क्यांच्या आत राहून, पण पुढे पूर्ण कंपनी घेण्याचा करार आधीच करून.

पायरी तिसरी : उलट दिशेने, मोठ्या कंपनीकडून

संशय असलेली मोठी कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर काम आणखी सोपे होते. सेबी या शेअर बाजाराच्या सरकारी नियामक संस्थेच्या नियमांप्रमाणे महत्त्वाच्या खरेदीची माहिती तिला मुंबई शेअर बाजाराला आणि राष्ट्रीय शेअर बाजाराला कळवावी लागते, आणि त्या पत्रात कंपनीचे नाव, धंदा, मागच्या तीन वर्षांची उलाढाल, किती हिस्सा घेतला, किती रुपयांना आणि कशासाठी, हे सारे ठरलेल्या रकान्यांत असते. वृत्तपत्राच्या बातमीपेक्षा हे पत्र वाचावे. बातमीत 'सेंद्रिय क्षेत्रात दमदार पाऊल' असते, पत्रात आकडे असतात.

वार्षिक अहवालाच्या शेवटी एओसी-१ नावाचा तक्ता असतो. त्यात कंपनीच्या प्रत्येक उपकंपनीची उलाढाल, नफा-तोटा आणि हिस्सा एका ओळीत मांडलेला असतो. मोठ्या अन्नकंपन्यांचा हा तक्ता वर्षातून एकदा चाळला तरी पुष्कळ कळते. जी सेंद्रिय उपकंपनी सलग तोट्यात दिसते, तिच्याबाबत पुढे घटक, किंमत किंवा अस्तित्व यांपैकी काहीतरी बदलण्याची शक्यता अधिक, असे धरून चालावे.

व्यापारचिन्हांच्या सरकारी नोंदवहीत शोध घेणे ही जोडपायरी आहे. चहा, धान्य, पीठ यांचा वर्ग ३०, दुधाचे आणि प्रक्रिया केलेले पदार्थ बहुतांशी वर्ग २९, आणि पोषणपूरक गोळ्या-पावडरी वर्ग ५ मध्ये असतात. कधी कंपनी एकाच्या नावे आणि चिन्ह दुसऱ्याच्या नावे असते; म्हणून चिन्हाचा मालकही पाहून ठेवावा.

दुकानाच्या स्वतःच्या सेंद्रिय मालाला वरचे काही लागू करण्याची गरज पडत नाही, मालक दुकानच असतो. बिगबास्केटचा बहुसंख्य हिस्सा २०२१ पासून टाटांकडे आहे. अमेरिकेत होल फूड्स हे सेंद्रिय मालासाठी नावाजलेले दुकान २०१७ साली १३.७ अब्ज डॉलरला ॲमेझॉनने घेतले.

पायरी चौथी : अमेरिका आणि युरोपातले ब्रँड

परदेशात राहणाऱ्या मराठी शाकाहारी कुटुंबांना हा गुंता भारतापेक्षा वीस-पंचवीस वर्षे जुना आहे. अमेरिकेच्या सरकारी सेंद्रिय मानकांची अंमलबजावणी ऑक्टोबर २००२ मध्ये सुरू झाली, पण मोठ्या कंपन्यांची खरेदी त्याच्या आधीच जोरात होती. मानके एक झाली की माल देशभर एकाच चिन्हाखाली विकता येणार, हे त्यांनी ओळखले होते. केलॉगने १९९९ मध्ये वर्दिंग्टन फूड्स घेतली आणि तिच्याबरोबर मॉर्निंगस्टार फार्म्स हा शाकाहारी बर्गरचा ब्रँड. पुढच्याच वर्षी काशी हा न्याहारीचा ब्रँड. जनरल मिल्सने त्याच सुमारास कॅस्केडियन फार्म आणि म्यूर ग्लेन हे सेंद्रिय ब्रँड, तर २०१४ मध्ये ८२ कोटी डॉलरला ॲनीज घेतले. क्राफ्टने बोका बर्गर घेतला. मिशिगन स्टेट विद्यापीठाचे प्राध्यापक फिलिप हॉवर्ड यांनी हे सारे मालकीसंबंध रेषा आणि वर्तुळांच्या तक्त्यात मांडले आहेत. शोधाची सुरुवात करायला तो तक्ता उत्तम.

मात्र कोणताही तक्ता शिळा होतो. केलॉग २०२३ मध्ये दुभंगली. मॉर्निंगस्टार केलानोव्हा नावाच्या एका भागाकडे गेला आणि ती कंपनी चॉकलेट व पाळीव प्राण्यांचे खाद्य विकणाऱ्या मार्सने घेतली, तर काशी ज्या अर्ध्या भागात राहिला तो भाग फेरेरोने. एकेकाळी एका छताखाली असलेले दोन ब्रँड असे दोन चॉकलेटवाल्यांच्या घरी गेले. म्हणून तक्त्यातून नाव घ्यावे आणि ताबा आज कोणाकडे आहे ते कंपनीच्या ताज्या वार्षिक अहवालात पाहावे. अमेरिकेत नोंदलेल्या कंपन्या सरकारी रोखे आयोगाकडे जो वार्षिक अहवाल देतात, त्याला जोडलेल्या एकविसाव्या परिशिष्टात उपकंपन्यांची यादी असते आणि ती 'एडगर' या संकेतस्थळावर कोणालाही मोफत वाचता येते.

शाकाहारी ग्राहकाला सर्वांत खटकणारी उदाहरणे मांसकंपन्यांची आहेत. लाइटलाइफ आणि फील्ड रोस्ट हे दोन्ही अमेरिकी शाकाहारी ब्रँड कॅनडाच्या मेपल लीफ फूड्स या मांसकंपनीने घेतले. ब्राझीलची जेबीएस ही जगातली सर्वांत मोठी मांसकंपनी; तिने २०२१ मध्ये नेदरलँड्सची व्हिवेरा ही वनस्पतिजन्य पदार्थांची कंपनी ३४.१ कोटी युरोला घेतली. युनिलिव्हरने २०१८ मध्ये घेतलेला 'व्हेजिटेरियन बुचर' हा डच ब्रँड २०२५ मध्ये विकायला काढला, तेव्हा करार झाला तो याच व्हिवेराशी.

युरोपात आणखी एक प्रकार दिसतो, गुंतवणूक निधींचा. आयुर्वेदिक वनस्पतींचे चहा विकणारी ब्रिस्टलची पुक्का ही कंपनी २०१७ मध्ये युनिलिव्हरने घेतली, आणि पुढे युनिलिव्हरने आपला बहुतेक चहाचा धंदाच सीव्हीसी या गुंतवणूकदार संस्थेला विकला तेव्हा पुक्काही त्यात गेली. अशा निधीचे नाव पाकिटावर कधीच येत नाही, आणि काही वर्षांनी पुढे विकणे हाच त्यांचा धंदा असल्यामुळे आजचे उत्तर फार काळ टिकेल अशी अपेक्षा ठेवू नये.

पायरी पाचवी : चिन्हांकडून किती अपेक्षा ठेवावी

भारतातला हिरवा ठिपका घटकांविषयी बोलतो. मालकाविषयी तो काहीही सांगत नाही. हिरव्या चौकटीतले हिरवे वर्तुळ शाकाहारी, तपकिरी चौकटीतला तपकिरी त्रिकोण मांसाहारी, आणि अंडे आपल्या नियमांत मांसाहारीच गणले जाते. अमेरिकेत असे सक्तीचे चिन्ह नाही. तिथल्या 'शाकाहारी' पदार्थात अंड्याचा पांढरा भाग सर्रास असतो, आणि बुरशीजन्य प्रथिनांसाठी प्रसिद्ध असलेल्या क्वॉर्नच्या अनेक पदार्थांतही तो असतो. क्वॉर्न २०१५ पासून फिलिपाइन्सच्या मोंडे निसिन या नूडल्स-बिस्किटे बनवणाऱ्या कंपनीकडे आहे. पण अंडे वर्ज्य असणाऱ्याने आधी घटकांची यादी वाचावी, मालकाची चौकशी नंतर.

सेंद्रिय चिन्हांचे तसेच. 'जैविक भारत' हे एफएसएसएआयचे चिन्ह २०१७ च्या नियमांतून आले. त्यामागे दोन प्रमाणन पद्धती आहेत : निर्यातीसह सर्व व्यापारासाठी अपेडा ही केंद्राची कृषी निर्यात संस्था चालवत असलेली एनपीओपी, जिथे स्वतंत्र संस्था तपासणी करते, आणि कृषी मंत्रालयाची पीजीएस, जिथे शेतकऱ्यांचे गटच एकमेकांची शेते तपासतात. पीजीएसमध्ये 'ग्रीन' असे लिहिले असेल तर शेत अजून रूपांतराच्या काळात आहे, पूर्ण सेंद्रिय झालेले नाही. लहान शेतकरी थेट ग्राहकाला विकत असेल तर त्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही. त्यामुळे बाजारात टोपली घेऊन बसलेल्या ओळखीच्या शेतकऱ्याकडे चिन्ह नाही म्हणून त्याला खोटा ठरवू नये, आणि मोठ्या कंपनीकडे चिन्ह आहे म्हणून तिला साधू मानू नये. चिन्ह फक्त सांगते की ठरलेली तपासणी झाली आहे. मालक बदलल्याने ते आपोआप जात नाही, आणि जाण्याचे कारणही नसते.

पायरी सहावी : मालक बदलल्यानंतर नेमके काय पाहावे

मालक बदलला म्हणजे भेसळ सुरू झाली, असे समजणे हा आळशीपणा आहे. मोठी कंपनी आली की गोदामे सुधारतात, प्रयोगशाळेच्या तपासण्या वाढतात, माल तालुक्याच्या दुकानापर्यंत पोहोचतो. हे फायदे खरे आहेत. धोका असतो तो हळूहळू आणि कायद्याच्या चौकटीत होणाऱ्या बदलांचा.

त्यातला पहिला म्हणजे त्याच नावाखाली बिगर-सेंद्रिय माल. अमेरिकेतला सिल्क हा सोया दुधाचा ब्रँड डीन फूड्स या दूधकंपनीकडे असताना, २००९ मध्ये त्याचा बराचसा माल सेंद्रिय सोयाबीनऐवजी साध्या सोयाबीनवर गेला. वेष्टनाचे एकूण रूप मात्र ओळखीचेच राहिले, आणि दुकानदारांपासून ग्राहकांपर्यंत अनेकांना ते उशिरा कळले. ब्रिटनच्या ग्रीन अँड ब्लॅक्स या चॉकलेटची ओळखच सेंद्रिय अशी होती. २००५ मध्ये ते कॅडबरीकडे, तिच्याबरोबर २०१० मध्ये क्राफ्टकडे आणि पुढे माँडेलीझकडे गेले, आणि २०१७ मध्ये त्याच नावाने बिगर-सेंद्रिय चॉकलेट बाजारात आले. दोन्हीकडे कायदा मोडलेला नव्हता. म्हणून ब्रँडवर विश्वास ठेवून पाकीट उचलण्याची सवय सोडावी. प्रत्येक पदार्थाच्या प्रत्येक पाकिटावर सेंद्रिय चिन्ह आहे का ते पाहावे, आणि 'सेंद्रिय'च्या जागी 'नैसर्गिक', 'शुद्ध', 'शेतातून थेट' असे शब्द आले असतील तर ती धोक्याची खूण समजावी.

दुसरा बदल शेतकऱ्याच्या बाजूचा, आणि त्याचे हॉरायझन ऑरगॅनिक या अमेरिकी सेंद्रिय दुधाच्या ब्रँडइतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही. हा ब्रँड २००४ मध्ये डीन फूड्सकडे गेला, नंतर व्हाइटवेव्ह या वेगळ्या काढलेल्या कंपनीत, आणि २०१७ मध्ये व्हाइटवेव्हसकट फ्रान्सच्या डॅनोनकडे. त्या व्यवहाराची किंमत कर्जासह साडेबारा अब्ज डॉलर होती. सेंद्रिय दुधात डॅनोनचे वजन फार वाढेल म्हणून सरकारने तिला स्टोनीफील्ड हा दुसरा सेंद्रिय दह्याचा ब्रँड विकायला लावला. तो फ्रान्सच्याच लॅक्टालिसने ८७.५ कोटी डॉलरला घेतला. ऑगस्ट २०२१ मध्ये हॉरायझनने मेन, व्हरमाँट, न्यू हॅम्पशायर आणि न्यू यॉर्क या भागांतल्या ८९ गोपालकांना करार पुढे चालू ठेवणार नसल्याचे कळवले. सेंद्रिय दूध एका दिवसात दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळवता येत नाही. टँकरचा रस्ता ठरलेला असतो, आणि प्रमाणित चारा-दाण्याचा खर्च आधीच झालेला असतो. ओरड झाल्यावर मुदत वाढवली गेली, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना शेवटी ऑरगॅनिक व्हॅली या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने सामावून घेतले. स्वतः हॉरायझन २०२४ मध्ये डॅनोनने प्लॅटिनम इक्विटी या गुंतवणूकदाराला विकून टाकला. या सगळ्या काळात दुधाच्या खोक्यावरचे सेंद्रिय चिन्ह खरेच होते.

तिसरा बदल म्हणजे ब्रँड बंदच होणे. ऑनेस्ट टी या सेंद्रिय चहाच्या बाटल्यांच्या कंपनीत कोका-कोलाने २००८ मध्ये ४० टक्के हिस्सा घेतला, २०११ मध्ये सगळी कंपनी घेतली, आणि २०२२ मध्ये तो चहा बंद केला. मोठ्या कंपनीच्या हिशेबात 'चांगला चालणारा' आणि 'पुरेसा मोठा' यांत फरक असतो.

पैशाच्या प्रश्नाचे एक टोक राजकारणातही जाते. कॅलिफोर्नियात २०१२ साली जनुकीय बदल केलेल्या अन्नावर तसे लेबल लावण्याच्या प्रस्तावावर मतदान झाले. सेंद्रिय ब्रँडच्या ग्राहकांचा त्याला पाठिंबा होता, आणि कॅस्केडियन फार्म, काशी, ऑनेस्ट टी यांच्या मालक कंपन्यांनी तो पाडण्यासाठी पैसे दिले. प्रस्ताव थोडक्या मतांनी पडला. ज्यांना 'नफा कुठे जातो याने काय फरक पडतो' असे वाटते, त्यांनी हे प्रकरण विचारात घ्यावे.

तपासणी प्रत्यक्षात करायची ती अशी : नेहमीच्या प्रत्येक पदार्थाच्या पाकिटाचे पुढून-मागून छायाचित्र काढून ठेवावे, आणि दर सहा महिन्यांनी नव्या पाकिटाशी ताडून पाहावे. घटकांचा क्रम (जो घटक सर्वांत जास्त तो आधी लिहिला जातो), प्रमाणन संस्थेचे नाव, निव्वळ वजन, शंभर ग्रॅमची किंमत आणि उत्पादकाचा पत्ता, या पाच जागा पुरेशा आहेत.

पायरी सातवी : पर्याय शोधताना

मोठ्या कंपनीचा सेंद्रिय माल घेणे बंद केल्याने ती कंपनी मांस किंवा सिगारेट कमी विकेल, असे मला वाटत नाही. बहुधा ती सेंद्रिय शाखाच आखडती घेईल. म्हणून सरसकट बहिष्कारापेक्षा, जो धंदा टिकावा असे वाटते तिथे नियमित गिऱ्हाईक होणे मला अधिक परिणामकारक वाटते. असा धंदा ओळखताना संस्थापक किती भला आहे हे पाहून उपयोग नाही. भले संस्थापकही वय झाले, कर्ज वाढले, गुंतवणूकदारांची मुदत भरली की विकतात. पाहायची ती रचना.

श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड हे आपल्या घरातले उदाहरण. १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या या संस्थेत काम करणाऱ्या भगिनीच मालक आहेत, त्यामुळे विकत घेण्यासाठी कोणापाशी जायचे हाच प्रश्न पडतो. पापड सेंद्रिय नाही, पण शाकाहारी ब्रँड मोठा होऊनही बाहेरच्या मालकाकडे न जाता राहू शकतो हे त्यातून दिसते.

शेतकरी उत्पादक कंपनीचीही रचना तशीच आहे. तिचे भागधारक फक्त उत्पादकच होऊ शकतात, त्यामुळे बाहेरच्याला ती सहज गिळता येत नाही. तिच्या नावात 'प्रोड्युसर कंपनी' हे शब्द असतात, ते पाकिटावर शोधावेत. इथेही डोळे उघडे ठेवावे लागतात, कारण उत्पादक कंपनी आपल्या उपकंपनीत बाहेरचा पैसा घेऊ शकते. नाशिक जिल्ह्यातल्या सह्याद्री फार्म्सने २०२२ मध्ये प्रक्रिया व्यवसायाच्या उपकंपनीसाठी युरोपीय गुंतवणूकदारांकडून ३१० कोटी रुपये उभे केले. त्यात गैर काही नाही, शीतगृहे आणि प्रक्रिया यंत्रणा उभ्या करायला भांडवल लागतेच. मालकी शेतकऱ्यांची आहे असे म्हणताना ती नेमक्या कोणत्या कंपनीतली, एवढे विचारून घ्यावे. अमेरिकेत राहणाऱ्यांना ऑरगॅनिक व्हॅली ही सहकारी संस्था आणि कर्मचाऱ्यांच्या मालकीची बॉब्ज रेड मिल ही कंपनी जवळची पडेल.

पायरी आठवी : कंपनीला विचारा

इतके करूनही उत्तर अपुरे राहिले तर पाकिटावरच्या ग्राहक सेवेच्या पत्त्यावर थेट लिहावे. 'तुमचा माल शुद्ध आहे का' असे विचारले तर शुद्धतेवरचा निबंध परत येतो. त्याऐवजी बॅच क्रमांक देऊन विचारावे : या बॅचचे सेंद्रिय प्रमाणपत्र कोणत्या संस्थेने दिले आणि त्याचा क्रमांक काय, हा माल कोणत्या राज्यातल्या उत्पादक गटांकडून आला, कंपनीत पन्नास टक्क्यांहून अधिक हिस्सा कोणाचा आहे, आणि मालकी बदलल्यानंतर घटकांत किंवा पुरवठादारांत काय बदल केला. चार प्रश्न, प्रत्येक एका ओळीचा. पहिल्याचे उत्तर आले की तो प्रमाणपत्र क्रमांक प्रमाणन संस्थेकडे पडताळून घ्यावा.

प्रमाणपत्र अस्तित्वातच नाही किंवा मुदत संपलेले आहे असे आढळले, तर प्रश्न मालकीचा राहत नाही, खोट्या दाव्याचा होतो. त्याची तक्रार एफएसएसएआयच्या 'फूड सेफ्टी कनेक्ट' या सेवेवर करता येते. तिथे पाकिटाची छायाचित्रे, बॅच क्रमांक आणि खरेदीची पावती जोडावी, आणि तक्रारीचा निकाल लागेपर्यंत ते पाकीट फेकून देऊ नये.